चहा पिणाऱ्या देशांचं पारंपरिक संगीत नीट ऐकायचं असेल तर

१९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर अवकाशयानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात आपल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे हे बऱ्याच जणांना माहितीये. पण त्याच तबकडीवर चीनचं गुचिन, जपानची शाकुहाची आणि अझरबैजानचं बालाबान ही वाद्यं पण आहेत, त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही. हे तिन्ही देश चहावर जीव टाकणारे, त्यामुळे सुरुवात करायला ही तीन रेकॉर्डिंग्ज मस्त आहेत.

आधी एक काम करा, 'टी म्युझिक' किंवा 'रिलॅक्सिंग एशियन म्युझिक' टाईपच्या प्लेलिस्ट सोडून द्या. त्यात बहुतेक वेळा सिंथेसायझरवर पाण्याचा आवाज आणि मागे कुठेतरी बासरी असते, ते ऐकून कुठल्याच देशाचं काही कळत नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच वाद्य, एकच कलाकार आणि एकच पूर्ण रचना घ्या, शफल बंद, फोन उलटा ठेवायचा आणि चहा संपेपर्यंत उठायचं नाही. मैफिलीत आपण ख्याल अर्धवट टाकून उठत नाही ना, मग इथे पण नको.

चीनपासून सुरू करा. गुचिन म्हणजे सात तारांचं आडवं ठेवून वाजवायचं वाद्य, आवाज इतका हळू की ते मुळात स्वतःसाठी किंवा दोन-चार मित्रांसमोर वाजवायचंच. म्हणून हे हेडफोनवरच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर अर्धं संगीत गायब होतं. तबकडीवरची रचना आहे 'लिउ शुई' म्हणजे वाहतं पाणी, वादक ग्वान पिंगहू, साधारण साडेसात मिनिटं. या रचनेमागे गुचिनवादक बोया आणि त्याचा मित्र झोंग झीची यांची जुनी गोष्ट सांगतात, बोया मनात डोंगर आणून वाजवायचा की झीचीला डोंगर दिसायचा, नदी मनात आणली की नदी, आणि झीची गेल्यावर बोयाने तारा तोडल्या आणि परत कधी वाजवलं नाही. मला ही गोष्ट माहीत असल्यावर ती रचना वेगळीच लागते, खरंच.

इथे चहाची चिनी पद्धत फार उपयोगी पडते. उलाँग या चिनी चहाची तीच पानं छोट्या झाकणाच्या कपात परत परत भिजवायची, १०० मिली पाण्याला साधारण ५ ग्रॅम, पहिला घाणा १५-२० सेकंदांत गाळायचा आणि मग थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा, दरवेळी चव बदलते. मग प्रत्येक घाण्याला तीच रचना परत लावा. पहिल्यांदा फक्त डाव्या हाताच्या मींडी ऐका, बोट तारेवरून घासल्याचा आवाज येतो तो रेकॉर्डिंगचा दोष नाहीये, तो संगीताचाच भाग आहे. दुसऱ्यांदा ते घंटीसारखे हलके स्वर पकडा, तार नुसती स्पर्श करून काढलेले. तिसऱ्यांदा तो भाग ऐका जिथे तारांवरून हात सलग फिरत राहतो आणि पाणी खरंच उसळतं. फक्त सम शोधू नका. आपल्या कानाला ती सवय असते, पण इथे ठेका नाही, लय श्वासासारखी कमी-जास्त होत राहते.

शाकुहाचीबद्दल थोडक्यात. बांबूची बासरी, पुढे चार आणि मागे एक भोक, एदो काळात (१७वं ते १९वं शतक) झेन बौद्ध धर्मातल्या फुके पंथाचे भिक्षू डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून वाजवायचे. फुंकेचा खरखरीत आवाज आणि मधली शांतता दोन्ही ऐकायचं. तबकडीवर गोरो यामागुची यांनी क्रौंच पक्ष्यांच्या घरट्यावरची रचना वाजवलीये. सोबत सेंचा म्हणजे जपानी हिरवा चहा करा, पण पाणी ७०-८० डिग्रीचंच, उकळतं घातलं की कडू होतो.

आता अझरबैजान, आणि इथे मराठी माणूस एकदम घरी आल्यासारखा होतो. त्यांचं शास्त्रीय संगीत म्हणजे मुगाम, त्यात आपल्या रागांसारख्या रास्त, शूर, सेगाह, चाहारगाह अशा पद्धती, गायक खालच्या स्वरांत सुरुवात करतो आणि हळूहळू वर चढवत नेतो, अगदी आपली बढत. गायकाच्या हातात गावाल म्हणजे डफ असतो, सोबत 'तार' नावाचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य आणि गजाने वाजवायचा कमांचा, आणि ताल नसलेल्या भागांच्या मध्ये तस्नीफ नावाची तालातली गाणी येतात. गळ्यातली ती थरथर, ज्याला ते झेंगुले म्हणतात, ती आली की तोंडातून 'वाह' निघतंच. मुगाम गायक आलीम कासिमोव्ह यांच्यापासून सुरू करा, त्यांची मुलगी फर्गाना सोबत गाते ती रेकॉर्डिंग्ज तर नक्कीच, एकाने सोडलेला स्वर दुसरा कसा उचलतो ते बघा. पहिल्यांदा सेगाह घ्या, विरहाचा रंग असतो, भाषा कळली नाही तरी पोचतो.

तबकडीवरचं बालाबान मात्र नासाच्या यादीत बॅगपाइप्स म्हणून लिहिलंय, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. ते आपल्या सनईच्या नात्यातलं वाद्य, पण आवाज मऊ आणि खोल, आणि सोबत दुसरा वादक नुसता सूर धरून बसतो, आपल्याकडे सूरसनई असते तसाच. चहा काळा, बिनदुधाचा, मध्ये बारीक असलेल्या आर्मुदू ग्लासात, साखरेचा खडा दाताखाली किंवा बाजूला मुरंबा. घरी साध्या काचेच्या ग्लासात पण चालतंय, दूध मात्र घालू नका.

या तिन्हींची सवय झाली की मोरोक्कोच्या ग्नावा या विधींच्या संगीताकडे वळा, पुदिना आणि भरपूर साखर घातलेल्या हिरव्या चहासोबत. तीन तारांचं गिम्ब्री आणि लोखंडी करताल, मूळ विधी रात्रभर चालतो, त्यामुळे तीन मिनिटांचे तुकडे ऐकून काही हाती लागत नाही. गिम्ब्रीवादक-गायक महमूद गिनिया यांचं एखादं लांब रेकॉर्डिंग घ्या, आणि इथे हेडफोन काढून मोठे स्पीकर लावा, गिम्ब्रीचा खर्ज छातीत जाणवला पाहिजे.