क्लिनिकल चाचणीत रुग्णसंख्या वाया न घालवता आराखडा कसा आखावा

क्लिनिकल चाचणी किती कार्यक्षम होणार हे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते. म्हणून आकडेमोडीला बसण्याआधी मुख्य निष्पत्ती (ज्या मोजमापावरून औषधाचा परिणाम ठरवायचा ते) कोणती आणि रुग्णाच्या दृष्टीने किती फरक अर्थपूर्ण मानायचा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा करून लेखी नोंदवावे.

समजा, सिस्टॉलिक रक्तदाबातील ५ मिमीचा फरक महत्त्वाचा आहे आणि प्रमाण विचलन (रुग्णांच्या मोजमापांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० मिमी आहे. ५ टक्के द्विपुच्छ सार्थकता पातळी (प्रत्यक्षात फरक नसताना, कोणत्याही दिशेने, तो आहे असे ठरण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरल्यास विचलनाला फरकाने भागून, त्याचा वर्ग करून १६ ने गुणावे. प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतील. फरक निम्मा धरला की हीच संख्या २५६ होते, आणि म्हणूनच अपेक्षित फरक फुगवून सांगण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे रुग्ण अपुरे पडतात, अशा चाचणीत उपयुक्त औषधाचाही परिणाम अनेकदा सिद्ध होत नाही आणि रुग्णांनी पत्करलेली जोखीम व्यर्थ जाते.

संख्या कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग, जो माझ्या मते अकारण दुर्लक्षित राहतो, म्हणजे सहप्रसरण विश्लेषण, ज्यात गटांची तुलना करताना प्रत्येक रुग्णाचे सुरुवातीचे मोजमापही हिशेबात घेतले जाते. सुरुवातीच्या आणि अखेरच्या रक्तदाबात ०.६ इतका सहसंबंध असेल, तर सुरुवातीचे मोजमाप विश्लेषणात घेतल्याने ६४ ऐवजी सुमारे ४१ रुग्ण पुरतात. याउलट, मोजमापाचे 'नियंत्रणात आहे' आणि 'नाही' असे दोनच भाग केले, तर अगदी मध्यावर विभागणी करूनही रुग्ण दीडपटीहून अधिक लागतात. २० टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असे वाटत असल्यास ४१ ला ०.८ ने भागून प्रत्येक गटात ५२ जणांची तयारी ठेवावी.

अंतरिम विश्लेषणाने, म्हणजे चाचणी चालू असतानाच जमलेले आकडे तपासून, चाचणी लवकर थांबवता येते, परंतु दर वेळी ५ टक्क्यांचीच पातळी वापरून पाच वेळा आकडे तपासले, तर निष्प्रभ औषध प्रभावी ठरण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. यावर उपाय म्हणून संख्याशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १९७७ मध्ये प्रत्येक तपासणीला एकसारखी कडक मर्यादा सुचवली. ओब्रायन व फ्लेमिंग यांची १९७९ मधील पद्धत सुरुवातीला अत्यंत कठोर असते आणि अखेरीस नेहमीच्या पातळीजवळ येते. बहुतेक चाचण्यांसाठी मी दुसरी निवडेन, कारण थोड्या रुग्णांवरून घाईने निर्णय होत नाही आणि कमाल रुग्णसंख्याही फारशी वाढत नाही. तपासण्यांच्या वेळा आधी नक्की नसतील, तर लॅन व डीमेट्स यांची १९८३ मधील पद्धत वापरावी, ज्यात चुकीची एकूण ५ टक्के मुभा तपासण्यांमध्ये थोडीथोडी खर्च केली जाते. निवडलेला नियम प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) लिहावा, अंतरिम आकडे केवळ स्वतंत्र देखरेख समितीलाच दाखवावेत, आणि लवकर थांबलेल्या चाचणीतील परिणाम प्रत्यक्षाहून मोठा दिसण्याचा कल असतो, हे अहवालात स्पष्ट करावे.