गावोगावच्या जुन्या कॅसेटा लॅपटॉपवर उतरवून घ्यायला जाताना

लॅपटॉप, हेडफोन, वायरी हे सांगायला नको. लाईट केव्हा जाईल नेम नाही, म्हणून बॅटरी भरलेली. डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, मात्र स्वतःचाच न्या. घरातला टेपरेकॉर्डर वर्षानुवर्षं बंद असतो, आतला रबरी पट्टा पाघळून चिकट झालेला असतो आणि पहिलीच कॅसेट तो गिळतो. ‘परवाच लावला होता, चालू आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

आणि बारीक पेचकस. फुलीचा. तो आधी पिशवीत टाका, मग बाकीचं. टोकाला चुंबक असलेला नको, कारण तो हेडजवळ, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाजवळ, न्यायचा आहे. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कल बदलतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कल आणि तुमच्या डेकचा कल क्वचितच जुळतो. न जुळता वाजवलं की आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो. खानदेशात कानबाई या देवीच्या सणाच्या रात्री गाणाऱ्या बायांचे शब्द कळत नाहीत, वहीगायन या तिथल्या लोकगायनातला डफ तेवढा ऐकू येतो. लोक म्हणतात टेप जुनी झाली. अहो, टेप बरी असते, पेचकस घरी राहिलेला असतो.

आवाज मोनोवर (दोन्ही कानांचा एकत्र) ठेवा, टाळ असतील तर ते ऐका, नसतील तर शब्दांतले ‘स’ आणि ‘श’. स्क्रू केसभर फिरवा, सगळ्यात लख्ख येईल तिथे थांबा. दुसऱ्या कॅसेटला पुन्हा. कॅसेट उलटली तरी पुन्हा, दोन बाजूंचा कल वेगळा निघतो. कंटाळा येतो, येऊ द्या. हे राहिलं तर नंतर कॉम्प्युटरवर वरचे स्वर वाढवून भरून निघत नाही, नुसती खरखर वाढते.

कधी जायचं? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आलेल्या असतात, ‘हा मावशीचा आवाज’ असं सांगणारं माणूस तेव्हाच भेटतं. पण तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या आसपास असतो. कॅसेटा बंद गाडीत ठेवून चहाला बसलात तर कवच वाकलेलंच मिळेल. माळ्यावर, पत्र्याखाली राहिलेल्या कॅसेटांचं तर आधीच काहीबाही झालेलं असतं: टेपमागची फेल्टची गादी गोंद सुकून गळालेली असते. त्यासाठी एक कोरी, स्क्रूची कॅसेट न्या आणि रिळं तिच्यात बसवा. म्हणजे पुन्हा पेचकस. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट वाजवू नका, वेगळी ठेवा. वाजवण्याआधी मागच्या कडेच्या दोन्ही चकत्या मोडा, म्हणजे वर दुसरं काही भरलं जात नाही. घरात पोरं असतात आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण त्यांना दिसतंच.

एखाद्या रसिकाकडे गाण्याच्या बैठकीचं स्पूल (उघड्या मोठ्या रिळावरची टेप) निघालं तर तिथे वाजवायचा मोह नको. घरी आणा. सेकंदाला 19, साडेनऊ, पावणेपाच सेंटिमीटर अशा वेगवेगळ्या गतींवर ती भरलेली असतात. टेप चिकट झाली तर मंद उष्णतेत तापवतात हे खरं, पण तो उपाय 70-80च्या दशकांतल्या, मागून लेप असलेल्या पॉलिएस्टर टेपांचा. व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेट या दुसऱ्या प्लॅस्टिकची, तिला ऊन दाखवायचं नाही.

गती कॅसेटचीही तपासा. खेड्यात सेलवर भरायचे. सेल उतरत आले की यंत्र हळू फिरायचं, मग आज चांगल्या डेकवर म्हातारीचा आवाज पोरीसारखा पातळ होतो. पेटी वाजत असेल तर तिची पट्टी धरून गती बसवा. विजेवर भरली असेल तर मागची घरघर 50 हर्ट्‌झची असायला हवी, तिच्यावरून जुळवा. हे नंतरही करता येतं. हेडचं मात्र तिथेच. म्हणून पेचकस, पेचकस.

पुढचं थोडक्यात. आवाजाचा दर्जा 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ, वेव्ह (न दाबलेली) फाईल. एमपी3 फक्त वाटायला. मूळ फाईलला हात लावू नका, सफाई तिच्या प्रतीवर, तीही बेतानं, नाहीतर खरखरीबरोबर श्वासही जातो. फाईलच्या नावात गाव, निमित्त, गाणाऱ्याचं नाव. प्रती दोन ठिकाणी. कॅसेटा परत द्या, पेनड्राईव्हसकट. यूट्यूबवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, आणि नको म्हणाले तर टाकू नका.