लेखाचा विषय सपोर्टच्या फोनमध्ये सापडतो
व्यवसायांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने लेखांचे विषय मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये शोधत बसू नये. सपोर्टला येणारे फोन ऐकावेत. समजा, तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. ‘डिजिटल परिवर्तनाचे सात फायदे’ कुणी वाचत नाही हो. भोसरीतल्या वर्कशॉपचा अकाउंटंट शोधतो ते असं: ‘ई-इनव्हॉइस चुकलं, रद्द कसं करू?’ हेच जसंच्या तसं शीर्षक ठेवा आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर देऊन टाका: आयआरएन (ई-इनव्हॉइसला, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाला, मिळणारा क्रमांक) मिळाल्यापासून २४ तासांच्या आत त्याच पोर्टलवर रद्द करता येतं, त्यावर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचं ऑनलाइन कागदपत्र) चालू असेल तर आधी ते रद्द करा. मुदत उलटली, तर क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारी नोंद) काढा. मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं, त्याचा स्क्रीनशॉट. एवढी जाहिरात पुरते.

लेखावर ‘शेवटचं अपडेट’ची तारीख हवीच. ई-इनव्हॉइस ज्या वार्षिक उलाढालीच्या वर सक्तीचं होतं, ती मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून १० कोटींवरून ५ कोटींवर आली. जुना आकडा तसाच राहिलेलं पान सीए मंडळी आपल्या क्लायंटला पाठवणार नाहीत, आणि छोट्या कारखान्यात अनेकदा त्यांच्याच शब्दावर सॉफ्टवेअर घेतलं जातं. म्हणून फोन नंबर भरल्याशिवाय लेख उघडणार नाही, असलं कुलूपही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली की थेट वाचता यावा.