मेंदूतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढणारं एन्झाइम: सीवायपी४६ए१ शिकायला कुठनं सुरू करायचं

एमएस्सीला प्रोजेक्टसाठी सीवायपी४६ए१ मिळालं तेव्हा माझे पहिले तीन आठवडे फुकट गेले. रिव्ह्यू पेपर पहिल्या ओळीपासून वाचत बसले होते आणि प्रत्येक ओळीत दोन शब्द अडायचे. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या मराठी मिडियमच्या पोरापोरींचं असंच व्हायलंय, दहावीपर्यंत सगळं मराठीत, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्लिश, मग आपण पाठ करायला लागतो आणि पाठ केलेलं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका उलट्या प्रश्नाला टिकत नाही. म्हणून मागनं येणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधी प्रोटीन बाजूला ठेवा. वहीत कोलेस्टेरॉल हातानं काढा, २७ कार्बन, सगळ्यांना नंबर द्या. चार रिंगा, एका टोकाला ३ नंबरवर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), दुसऱ्या टोकाला शेपूट आणि त्या शेपटीत २४ नंबर. हे एन्झाइम त्या २४ वर एक ओएच लावतं, बस्स. मी दहा-बारा वेळा काढलं तेव्हा कुठं डोक्यात बसलं.

एवढ्याशा ओएचनं काय होतंय? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल तिथं असतं आणि ते मेंदू स्वतःच तयार करतो, आपण खाल्लेलं ब्लड-ब्रेन बॅरिअर (रक्त आणि मेंदूमधली भिंत) ओलांडून आत जात नाही. आतलंही तसंच्या तसं बाहेर येत नाही. २४ वर ओएच लागला की मात्र तो रेणू मेंब्रेनमधनं (पेशीच्या पडद्यातनं) सरकतो, रक्तात येतो, लिव्हरकडं जातो. कोरोनात महाराष्ट्रातल्या शिनोळीकडनं बेळगावला येताना हद्दीच्या नाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते ना, मी तसंच लक्षात ठेवलं. पण व्हायवात हे उदाहरण देऊ नका, कारण इथं तपासणारं कोणी नसतं, त्या ओएचमुळं रेणूच मेंब्रेन सोडायला सोपा होतो.

आता स्ट्रक्चर, आणि खरी मजा इथंच आहे. प्रोटीन डेटा बँकेत (प्रोटीनच्या थ्रीडी स्ट्रक्चरचा ऑनलाइन साठा) २क्यू९एफ (2Q9F) ही फाइल उघडा, पेपर २००८ चा. मोबाइलवर पण चालतं, लॅपटॉप असला तर बरं. पहिल्यांदा रंगीत रिबिनींचा गुंता दिसतो, घाबरायचं नाही, सगळं लपवा आणि फक्त हीम (चपटी रिंग) आणि लिगँड (प्रोटीनला चिकटलेला रेणू) ठेवा. हीमच्या मधे लोखंड, त्याला एका बाजूनं प्रोटीनमधल्या ४३७ नंबरच्या सिस्टीन या अमिनो ॲसिडच्या सल्फरनं धरलंय आणि दुसऱ्या बाजूला लिगँड, शेपूट लोखंडाकडं करून. म्हणजे ओएच २४ वरच का लागतो ते डोळ्यांनी दिसतं की! माझा गोंधळ इथंच झाला, ३ नंबरवर ओएचच्या जागी भलतंच काहीतरी दिसायलं, मला वाटलं फाइल चुकली, दोन दिवस गेले. तो लिगँड कोलेस्टेरॉल नव्हे, कोलेस्टेरॉल सल्फेट आहे. फाइलची वरची माहिती आधी वाचत जा.

मग २क्यू९जी (2Q9G) उघडा, त्यात लिगँड बसायचा खिसा रिकामा आहे. दोन्ही एकावर एक ठेवून फिरवत बसा, तासभर गेला तरी जाऊ दे. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) आल्यावर प्रोटीनचे काही भाग हलतात आणि खिसा त्याच्याभोवती आवळतो. इंड्यूस्ड फिट हा शब्द मी बीएस्सीपासून लिहीत आले होते, कळला त्या दिवशी.

रिॲक्शन थोडक्यात. ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू कोलेस्टेरॉलवर जातो, दुसऱ्याचं पाणी होतं, इलेक्ट्रॉन एनएडीपीएच या रेणूकडनं रिडक्टेज नावाच्या दुसऱ्या एन्झाइममार्फत येतात. सीवायपी४६ए१ ज्या कुटुंबातलं आहे त्या पी४५० एन्झाइमांपैकी बहुतेकांचं असंच.

व्हायवात मला विचारलं, उंदरात हे एन्झाइमच काढून टाकलं तर? मी लगेच म्हटलं, मेंदूत कोलेस्टेरॉल साठत जाणार. चुकलं. मेंदू नवीन कोलेस्टेरॉल बनवायचंच कमी करतो, एकूण साठा जवळपास तेवढाच राहतो, पण उंदीर शिकण्यात मागं पडतात. कारण कोलेस्टेरॉल बनवायच्या त्याच वाटेवर जेरानिलजेरानिऑलसारखे रेणू पण बनतात आणि ती वाटच मंदावलेली असते. २००६ साली अशा उंदरांच्या मेंदूच्या कापांवर जेरानिलजेरानिऑल टाकलं तर शिकण्याशी जोडलेला सिग्नल सुधारला, कोलेस्टेरॉल टाकून नाही. हा प्रश्न पीएचडीच्या इंटरव्ह्यूला पण येऊ शकतो, तेव्हा पेपर उघडायच्या आधी कोलेस्टेरॉल बनायची ती वाट वहीत काढा आणि तिच्यावर जेरानिलजेरानिऑल कुठं फुटतं ते स्वतः शोधा.