उरलेल्या लाकडातून गाठ कोरताय? या चुका टाळा

सुतारकाम आटोपलं की घरात पिशवीभर तुकडे उरतात. त्यांतून दोन-अडीच इंचांची गुंफलेली गाठ छान कोरता येते. गळ्यात घाला, किल्लीला लावा, नाहीतर चौकटीवर चिकटवा. ती मोडली की आपण हाताला दोष देतो. पण बहुतेक वेळा तुकडा निवडताना आणि त्यावर चित्र ठेवतानाच तिचं मोडणं ठरून गेलेलं असतं.

चुकीचा तुकडा

इंटिरियरच्या कामातलं बरंचसं उरलंसुरलं प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) असतं. दोन्ही बाजूला ठेवा. प्लायच्या एकाआड एक थराचे तंतू आडवे असल्याने बारीक काम थराथराने सुटतं. एमडीएफमध्ये लाकडाचे सलग तंतूच नसतात, त्यामुळे कड भुगा होऊन गळते. त्याच पिशवीत सागाच्या पट्ट्या आणि चौकटीचे तुकडे सापडतील, ते घ्या. साग देखणा खरा, पण त्यात सिलिका असल्याने पातं लवकर बोथट होतं. पहिली गाठ शिवण या झाडाच्या लाकडातच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते हलकं आणि एकसारखं असतं, सुरी जिथे न्याल तिथे जाते. मुंबईत रे रोडकडच्या लाकडाच्या वखारींत विचारून पाहा.

पाडलेल्या चाळीच्या खिडकीतला जुना बर्मा साग मिळाला तर सोनंच. फक्त आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, आत मोडका खिळा असू शकतो. त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर मात्र तुकडा सोडून द्या. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची धूळ घरात नको. परदेशी मालाच्या खोक्यांचं पाइन असेल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून घेतलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको.

तंतूंकडे दुर्लक्ष

सगळ्यात जास्त गाठी इथे जातात. एकाच तुकड्यातून दोन काड्या कापा, एक तंतूंच्या दिशेने आणि दुसरी तंतूंना आडवी. दोन्ही बोटांनी वाकवून पाहा. पहिली लवते, दुसरी बिस्किटासारखी कट्‌कन तुटते. गाठीची दोरी, म्हणजे कोरलेली लाकडी पट्टी, गोल फिरते, म्हणजे कुठे ना कुठे ती तंतूंना आडवी जाणारच. ते टाळता येत नाही, पण ती जागा कुठे यावी हे आपल्या हातात असतं.

लांबट गाठ असेल तर लांबी तंतूंच्या दिशेने ठेवा. तीन पाकळ्यांची असेल तर एकाही पाकळीचं टोक तंतूंच्या दिशेने रोखलेलं नको, कारण त्या टोकावर दोरी नेमकी आडवी जाते आणि तिला शेजारी आधार नसतो. कागद थोडा फिरवला की भागतं. उरलेल्या कमजोर जागांवर पेन्सिलने खूण करा आणि तिथली दोरी थोडी रुंद राहू द्या.

दुसरं म्हणजे बाहेरचा आकार आधी कापू नका. आतली भोकं ड्रिलने पाडा, वर-खालचं कोरकाम उरका आणि बाहेरची कड शेवटी कापा. छोटा तुकडा हातात धरून पटाशी चालवणं बोटांसाठी वाईट. फेविकॉल लावून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून तो मोठ्या फळीवर चिकटवा. काम झालं की पातळ सुरी घातल्यावर कागद मधोमध फाटतो आणि तुकडा अलगद सुटतो.

वर-खालचा घोळ

दोरी जिथे स्वतःलाच ओलांडते ती जागा म्हणजे फुली. दोरी एका फुलीवरून जाते, पुढच्या फुलीखालून, मग पुन्हा वरून. सपाट कागदावर कितीही गुंतागुंतीची वेटोळी काढा, शेवटपर्यंत हा क्रम बरोबर जुळतो. तुमचा जुळत नसेल तर एखादी फुली मोजायची राहिली आहे किंवा एकाच जागी तीन दोऱ्या आल्या आहेत. पातं लावण्याआधी ‘वर’ असलेली प्रत्येक जागा पेन्सिलने काळी करा.

कोरताना वरच्या दोरीच्या कडेला आधी उभा छेद घ्या, मगच खालच्या दोरीचं लाकूड त्या छेदाकडे उतरवा. उभा छेद नसला तर पातं सरळ वरच्या दोरीत घुसतं. उतार दोन फुल्यांच्या मध्यापासूनच सुरू व्हायला हवा. फक्त फुलीपाशी खणलं तर दोरी वळल्यासारखी दिसत नाही, नुसते खड्डे दिसतात. दहा मिलिमीटर जाडीत तीन-चार मिलिमीटर उतार पुरतो. त्याहून खोल गेलात तर खालची दोरी मोडेल.

कानातल्यांच्या जोडीत आणखी एक फसगत असते. तीन पाकळ्यांची गाठ डावी किंवा उजवी असते आणि उलटी करून ठेवली तरी बदलत नाही. समोरासमोर शोभणारी जोडी हवी असेल तर दुसऱ्या तुकड्यावर ट्रेसिंग पेपर उलटा ठेवूनच चित्र उतरवा.

पॉलिश पेपर, पावसाळा, तेल

कोरकाम संपेपर्यंत पॉलिश पेपर लावू नका. त्याचे कण लाकडात रुततात आणि पात्याची धार खातात. शेवटी पेपरची अरुंद पट्टी दुमडून वापरा, नाहीतर फुल्यांच्या कडा पुसट होतात. साग आणि शिसवीचा भुगा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला सोसत नाही, मास्क लावा.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत लाखेचं स्पिरिट पॉलिश पांढुरकं पडतं. त्या दिवसांत जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळायला भरपूर वेळ द्या. तेलाचं फडकं चोळामोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

एवढं करूनही दोरी तुटलीच, तर तुटलेल्या कडा घासू नका. जशाच्या तशा एकमेकींत बसतात. फेविकॉलचा पातळ थर लावून रात्रभर बांधून ठेवा आणि बाहेर आलेला थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसा. तो राहिला तर तिथे तेल मुरत नाही आणि फिका डाग उठून दिसतो.