गॅस पेटवण्याआधी: सॉसेज-पास्ता सूपची तयारी

चार माणसांचा हिशोब धरून सांगते. सॉसेज २५० ग्रॅम लागेल. मंडईची खरेदी आधी उरका, सॉसेज सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट घर गाठा. सोलापूरच्या उन्हात फ्रोझन चिकन पिशवीत घेऊन गप्पा मारत उभं राहायचं नसतं. करायच्या आदल्या रात्री पाकीट फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर नको. जरा कडक असतानाच चकत्या नीट पडतात.

आता खरी गोम. इटालियन पद्धतीच्या या सूपात बडीशेप घातलेलं, कच्चं, डुकराच्या मांसाचं सॉसेज वापरतात. परतताना त्याची चरबी सुटते आणि सूपाला चव तिथूनच येते. आपल्याकडच्या फ्रीझरमधलं सॉसेज बहुतेक वेळा चिकनचं आणि आधीच शिजवलेलं असतं, त्यातून फारसं काही सुटत नाही. म्हणून चमचाभर बडीशेप जाडसर कुटून ठेवा, चिली फ्लेक्स काढा, लोणी आणि तेल हाताशी ठेवा. जमलं तर १५० ग्रॅम चिकन खिमाही आणा. त्यात ठेचलेला लसूण, निम्मी बडीशेप आणि मीठ कालवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. खिमा आणि चकत्या तांबूस होईपर्यंत परतायच्या, त्यामुळे पातेलं जाड बुडाचंच हवं. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर घासून टाकायचा नाही, स्टॉक (चिकनच्या हाडांचं गाळलेलं पाणी) ओतून सोडवून घ्यायचा. गोव्याचं चोरीस हे सॉसेज घरात असलं तरी इथे नको, त्यातला व्हिनेगर क्रीमशी भांडतो.

स्टॉक सव्वा लिटर. चिकनवाल्याकडून अर्धा किलो पाठी-माना आणून कांदा आणि मिरीबरोबर कुकरमध्ये शिजवून गाळून ठेवा. त्यात मीठ घालू नका, सॉसेज खारट असतं.

लक्ष्मी मंडईतून दोन कांदे, दोन गाजरं, लसूण, पालकाची एक जुडी. सेलरी शोधत फिरू नका, कांद्याच्या पातीचे दांडे चालतात. टोमॅटो एकच, तोही पिकलेला. जास्त आंबटपणा आला की क्रीम फाटायची भीती असते.

क्रीम २०० मिली. बाजारातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते खळखळ उकळीला टिकत नाही. अर्धा तास आधी बाहेर काढा, वाटीत ओता, डावभर गरम सूप घालून ढवळा आणि मग मंद आचेवर पातेल्यात सोडा. चीज किसून ठेवा, साधं प्रोसेस्ड चीजही चालतं.

पास्ता १५० ग्रॅम, छोटा मॅकरोनी किंवा शिंपल्यांच्या आकाराचा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा.

पावाची गरज नाही. घरात कडक भाकरी असेलच. ती वाटीत चुरून वर सूप ओतलं की मुलं दोनदा मागतात. शेंगाचटणीचा डबा मात्र लांब ठेवा, नाहीतर कुणीतरी नक्की घालणार.

घरातलं कुणी उशिरा जेवणार असेल तर त्याच्या वाट्याचा पास्ता तेलाचं बोट लावून वेगळा ठेवा. पातेल्यात राहिलेला पास्ता रात्रीतून सगळा रस पिऊन टाकतो. उरलेलं सूप गरम करताना अर्धी वाटी स्टॉक लागेल, तेवढा आधीच बाजूला काढा.