कळसूबाईची तयारी: चढायची नाही, उतरायची

देणगी गोळा करायला यंदा परत कळसूबाई करतोय, घरचे, मित्र, बिल्डिंगमधले सगळे, तर तयारी आतापासून लागायची, आठवडाभर आधी धावपळ करून काही होत नाही. पाणी, टोपी, टॉर्च सांगत बसत नाही. उतरायची प्रॅक्टिस करा. मागच्या वेळी सगळे चढायचीच करत राहिलो आणि पायथ्याच्या बारी गावात येईपर्यंत निम्मी मंडळी आडवी पावलं टाकत होती.

सुरुवात पर्वतीपासून, १०३ पायऱ्या, जमतील तेवढ्या फेऱ्या, मुलं आणि काकूसुद्धा. मग दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. तो साधारण सहाशे मीटरचा चढ, कळसूबाईला आठशेच्या वर. पण वर पिठलं-भाकरी, दही झालं की शेअर जीपमध्ये बसायचं नाही, पायीच उतरायचं! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावत असतो, चढताना त्याला हे काम नसतं, म्हणून दम कितीही कमावला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात. आधी दोन-चारदा नीट उतरलेलं असलं की त्रास बराच कमी होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारा, काठ्या घ्या, आणि उतरताना काठी जरा लांब करा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे जागा हवी, नाहीतर उतारावर प्रत्येक पावलाला नख आपटतं आणि काळंनिळं होतं. नखं दोन दिवस आधी कापा. शिखरावर फोटो झाले की खाली निघायच्या आधी घोट्याजवळची लेस परत घट्ट बांधा, मुलांची स्वतः बघा.

देणगी थेट संस्थेच्या खात्यात, कोणाच्या पर्सनल यूपीआयवर नको. ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या, पावतीसाठी देणाऱ्यांचा पॅन आधीच मागून ठेवा, आणि २००० च्या वर कॅश दिली तर सूट मिळत नाही हे मामालोकांना आत्ताच सांगा.

शेवटचा आठवडा हलकं चालणं, बास. पहाटे लवकर निघायचं, कळसूबाईच्या वाटेतल्या शिड्यांवर नंतर गर्दी होते. इलेक्ट्रॉल. माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात नको.

या रविवारी सहाला आतकरवाडी. परतीला जीप नाही.